काजळी

ओवितीनं स्टूल पुढं सरकवलं. म्हणाला, बस मावशी,
बघ, तुझंच रक्त आहे.
एक डोळा मिटला. दुसऱ्यात
गुलाबी चकत्यांची दाटी,
आणि मधोमध एकटीच एक जांभळी पेशी,
पोटाशी घेवड्याचा दाणा धरून बसलेली.

हीच, तो म्हणाला. हिला झोप नाही.

एकोणीस वर्षं झाली गोळ्यांना.
विषाणू मोजतात त्या कागदावर
दर खेपेला दोनच शब्द: आढळला नाही.
पहिल्यांदा वाचले तेव्हा बाजारातनं
अर्धा किलो साखर आणली,
आणि शवपेटीसाठी साठवलेल्या पैशांचे
छपराला पत्रे घातले.
ओडेराच्या वेळी पत्रे नव्हते, गोळ्याही नव्हत्या.
तो गेल्यावर तीन वर्षांनी
होमा बेच्या दवाखान्यात खोकी उतरली.
उशीर कुणाला झाला, हे विचारायचं नसतं.

आता रक्तदाब. आता चढण चढताना
छातीत कुणीतरी ओली दोरी पिळतं.
डॉक्टरीणबाईंनी गळ्यावर गार काहीतरी चोपडलं,
पडद्यावर माझी धमनी दाखवली.
चोपन्नाव्या वर्षी सत्तरीची नस.
मी म्हटलं, पण तो तर सापडत नाही ना?
नाही सापडत, बाई म्हणाल्या. गेलेलाही नाही.
आणि त्याच्यासाठी ज्या उठल्या होत्या
त्या पुन्हा निजल्याच नाहीत.

ओवितीचे वडील ओमेना धरायचे,
जाळी मीच शिवून दिलीत त्यांची.
म्हणून त्यानं मला असं सांगितलं:
अगदी आरंभी, पहिल्या काही आठवड्यांत,
तुझ्या आतड्याचं जाळं फाटलं.
पुढं गोळ्यांनी चोर धरला, जाळं मात्र
पुरतं कधी सांधलं गेलं नाही.
तिथून गळत राहतं रक्तात काहीबाही,
जिवाणूंच्या साली, कण, कचरा,
आणि ही दिवा घेऊन धावते.
रोज.

दिवा म्हणाला, तेव्हा कळलं.
अंधाऱ्या पाखात लोल्वेवर
ओमेनासाठी कंदील पेटायचे, शेकडो,
काठावरून वाटावं, पाण्यातच गाव वसलंय.
ओडेरा पहाटे परतायचा,
मासे असोत नसोत,
काच काळी, बोटं काळी, नाकपुड्या काळ्या.
मी राख घेऊन काच घासायची.
आतल्या अरुंद गळ्यापर्यंत हात पोचायचा नाही,
तिथला थर राहायचाच,
वर्षाला एक एक पदर चढत.

विचारलं, हिला कुणी सांगत का नाही, जा गं घरी आता?
ओविती हसला नाही.
म्हणाला, तेच शोधतोय,
तुझ्यासारख्या शंभरेक जणींच्या रक्तात.
मग कोपराच्या खोबणीत कापूस दिला,
दाबून धर म्हणाला.

कापूस.
घरी येऊन नवी बाटली उघडली
तशी बोटांनी आपलं आपण काम केलं:
गोळ्यांवर बोळा ठासला,
पिशवीत खुळखुळू नयेत,
शेजारणीला ऐकू जाऊ नये.
शेजारीण मंगळवारी त्याच रांगेत असते,
माझ्यासाठी जागा धरते.
सासूला जाऊन अकरा वर्षं झाली.
नात तर दारातून ओरडते, आजी, गोळी घेतलीस?
तळ्यापर्यंत ऐकू जावं असा आवाज तिचा.

बोळा बाहेर काढला.
बाटली हलवून पाहिली. केवढं वाजतं.
तशीच झाकण लावून ठेवली फळीवर,
दिवा मालवला, पडले.

मध्यरात्री उठून
पुन्हा भरला.